कुडलची तुळई आणि येळ अमावस्येचं जेवण

सोलापुरात चार दिवस होते. सिद्धेश्वराचा तलाव झाला, भुईकोट झाला, शेंगाचटणीची पाकिटं बॅगेत भरून झाली. मनात राहिलं ते मात्र हत्तरसंग कुडल.

मामेभावाच्या मोटरसायकलवरून विजापूर रोडनं निघालो. मंद्रूपच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता असा अडवलेला की धूळ खाऊन घसा बसला. मग आत वळलो आणि दोन्ही बाजूंना शाळू सुरू झाला. कणसं अजून दुधात होती.

कुडल म्हणजे संगम. इथं सीना भीमेला मिळते आणि पलीकडच्या काठावर कर्नाटक. गावातली माणसं एका वाक्यात मराठी बोलतात, दुसऱ्यात कन्नड, आणि आपण भाषा बदलली हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

मी आले होते संगमेश्वराच्या मंडपातल्या तुळईसाठी. तिच्यावर शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा लेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. आक्षी, श्रवणबेळगोळ आणि कुडल इथल्या शिलालेखांत सर्वांत जुनी मराठी कुठली, यावर अभ्यासक भांडतात. भांडू देत. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीनं आपली भाषा या दगडात खोदली, एवढ्यानंच माझ्या अंगावर काटा आला होता.

पण तुळईखाली उभी राहिले आणि मला एक अक्षर लागेना. मान दुखेपर्यंत बघितलं. तेवढ्यात वीसएक जणांची एक टोळी आली, शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळाकडं बहुमुखी लिंगासमोर सेल्फी काढले आणि पंधरा मिनिटांत गाडीत बसून गेली. उत्खननात मिळालेलं ते लिंग. त्यावर ३५९ मुखं कोरलेली, आणि मूळ लिंग धरून ३६० असं सांगतात. इतकं काम करणाऱ्या हातांकडं पंधरा मिनिटं बघणं हा मला अपमान वाटतो. रागच आला, अजूनही आहे.

सहावी-सातवीतला एक पोरगा माझ्याकडं बघत खांबाला टेकून उभा होता. त्यानं बोट वर केलं आणि एकेक अक्षर दाखवत वाचलं, ‘वांछि तो विजेया होईवा.’ जो वाचील तो विजयी होईल. शाळेच्या सरांनी शिकवलं होतं त्याला. घरी काय बोलता, विचारलं. ‘कन्नड,’ म्हणाला. मी जन्मभर मराठीवर पोसलेली, आणि माझ्या भाषेचं हे वाक्य मला त्यानं वाचून दिलं. तिथंच डोळे भरून आले.

त्या दिवशी येळ अमावस्या होती, रानात पूजा करून तिथंच जेवायचा सण, हे आम्हांला माहीतच नव्हतं. पोरगं म्हणालं, ‘आज्जी रानात हाय, चला.’ ओळख ना पाळख, पण मागं गेलो. कडब्याची खोप, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. पूजा होऊन पिकात चरगा, म्हणजे नैवेद्य, शिंपडून झाला होता. आज्जीनं नाव-गाव विचारायच्या आधी पत्रावळी मांडली.

‘कुठनं आलाव? बसा की, जेवल्याबिगर जायचं न्हाई आज.’

तीळ लावलेली बाजरीची भाकरी, बाजरीचे उंडे, हिरवे दाणे नि पाला घालून घट्ट शिजवलेली भज्जी, ताकातली आंबील. भज्जी तिसऱ्यांदा वाढली तेव्हा मी नको म्हणाले, तर त्या रागावल्या. शेजारच्या रानातलीही माणसं येऊन बसली होती. कोण कुठल्या घरचं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कुणी सांगायची गरजही कुणाला वाटली नाही. शहरात पाहुणा येणार म्हटलं की आम्ही आधी फोन करायला लावतो, हे तिथं आठवलं आणि घास घशात अडकला.

जेवण झाल्यावर आज्जी म्हणाल्या, ‘त्या दगडावर काय लिवलंय गं? समदी बघाय येत्यात.’ आयुष्य त्या देवळाच्या सावलीत गेलेलं, आणि कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी नातवाकडं बघितलं. त्यानं वाक्य म्हटलं, अर्थ मराठीत सांगितला, मग कन्नडमध्ये. आज्जींनी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि तिसऱ्या खेपेला स्वतः त्याच्यामागं म्हटलं, ‘वांछि तो विजेया होईवा.’ मग जावेला हाक मारून तिलाही म्हणायला लावलं.

निघताना भाकरीत बांधलेली भज्जी हातात दिली. सोलापूरला पोचेपर्यंत गार झाली होती. आम्ही दोघांनी ती मामाच्या ओट्यावर बसून, मामीला एक घास देऊन, संपवली.