वरच्या गल्लीचं पाणी, खालच्या गल्लीचे डास

ग्रामपंचायतीत निवडून आले आणि पहिल्याच मासिक सभेत ऐकलं ते एवढंच : आमच्या गल्लीत नाली बांधा. मी खालच्या गल्लीतली. वर बांधलेली प्रत्येक नाली आमच्या दारात येऊन संपते. पाणी उतारानंच येणार, त्यात कुणाचा दोष, असं म्हणतात. पण गावाच्या उताराला कुणाची घरं असतात हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

हंड्यानं पाणी आणायचो तेव्हा ते सांडायचोही जपून. आता नळ आले. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. पाच माणसांच्या घरात 275 लिटर आलं, तर साधारण 70 टक्के, म्हणजे 190 लिटरच्या आसपास, न्हाणीतून आणि मोरीतून परत बाहेर पडतं. पाणी आणायची योजना झाली, जायची नाही.

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायचे खड्डे, करून नाल्याच बंद केल्या. तो ‘नांदेड पॅटर्न’ आता सगळीकडं माहीत आहे, तरी आमच्या सभेत तो पटवताना घसा बसला.

खड्डा चार फूट लांब, चार रुंद, चार खोल. मधोमध सिमेंटची टाकी, तिला वरच्या बाजूनं भोकं. भोकं वर का, तर गाळ टाकीच्या बुडाशी बसतो आणि वरचं निवळलेलं पाणीच बाहेर दगडांत जातं. टाकीभोवती खाली मोठे दगड, वर लहान गोटे. न्हाणी आणि खड्डा यांच्यामध्ये जाळीचं छोटं चेंबर. सगळी गोम या चेंबरात आहे. केस, भाताची शितं, साबणाचा खवला तिथं अडतो. ते आठवड्याला काढलं नाही तर खड्डा तुंबतो, आणि मग लोक म्हणतात, बघा, सरकारी काम!

आमची माती काळी. पावसाळ्यात फुगून बसते, पाणी खाली सोडतच नाही. मुरूम लागेपर्यंत खणावंच लागतं. काही घरी तो लवकर लागला, काही ठिकाणी गवंडी खांद्यापर्यंत आत गेला तरी काळीच. तिथं हट्ट सोडून परसात वाफा धरला, केळी आणि अळू लावलं. कोथिंबीर, मेथी मात्र त्या पाण्यावर नको.

शेजारच्या आजी म्हणाल्या, “सूनबाई, माझ्या न्हाणीचं पाणी माझ्याच दारात मुरवू? भिंत खचंल की!” भीती खरी होती. म्हणून खड्डा भिंतीपासून लांब घेतला, हातपंपापासून तर आणखी लांब.

काही घरांच्या संडासाच्या टाकीचा पाइप गुपचूप नालीत सोडलेला असतो. ते पाणी शोषखड्ड्यात घ्यायचं नाही, त्याची सोय वेगळी. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर हा त्रासच नाही : एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिल्यातलं वर्ष-दीड वर्षात खत होतं. पण टाकी जितकी मोठी तितका मान, असं आमच्याकडं झालंय. पाइप बंद करायला सांगायला गेले त्या घरी मला चहासुद्धा मिळाला नाही.

पैशाचंही सांगते. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंत लोकवस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत धरलेत, त्यातले 30 टक्के ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. पाच माणसांच्या घरामागं 1400. एवढ्यात सिमेंटची नाली किती लांब जाणार? तरी मागणी नालीचीच, कारण नालीचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. जमिनीत पुरलेल्या खड्ड्याला नारळ कोण फोडणार!

वरच्या गल्लीतली बरीच घरं आता खड्ड्यावर आली आहेत. आमच्याकडं येणारी नाली उन्हाळ्यात कोरडी असते, पावसाळ्यात वाहते, आणि ते पावसाचंच पाणी, त्याला माझी हरकत नाही.

शाळेच्या नळाच्या सांडपाण्याचं काम तेवढं राहिलंय. तिथं काळी माती फार खोल गेलीय, म्हणून वाफाच करावा लागेल. मी केळी सुचवली. मुख्याध्यापक म्हणाले, “ताई, पोरं घड पिकू देतील का?” तेव्हा कर्दळ लावायचं ठरलंय.