टू-इन-वन अपडेट: हेलकावा सापडला, आणि दोष नव्या बेल्टमध्ये नव्हताच

मंडळी, सापडला एकदाचा! आमच्या जुन्या टू-इन-वनमध्ये (रेडिओ आणि कॅसेट प्लेयर एकत्र असलेला सेट) कॅसेटचा स्वर डुलायचा, तीन महिने ज्याच्या मागे लागलोय तो हेलकावा काल रात्री पावणेबाराला सापडला आणि आत्ता हे टाइप करताना शेजारी अण्णांनी भरलेल्या तेवीस कॅसेटमधली सात नंबरची चालू आहे, तानपुरा असा सरळ चाललाय की जरासुद्धा डुलत नाही. राहवेना म्हणून रात्रीच आईला उठवून ऐकवलं. ती अर्धवट झोपेत उठून बसली, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "आता लागला बघ." आणि परत झोपली. मला मात्र तीनपर्यंत झोप आली नाही.

मागच्या वेळी कुठं थांबलो होतो ते आठवत असेल. विरघळलेल्या बेल्टचं डांबर काढून झालं होतं (आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि कानातल्या काड्यांची दीड डबी संपली, बोटं चार दिवस काळी), बेल्ट नवा, पिंच रोलर (टेप दाबून धरणारं रबरी चाक) नवा, कॅपस्टनच्या (टेप ओढणारी बारीक फिरती दांडी) बुशमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) साफ. तरीपण स्वर लांबला की डुलायचा. गाण्याच्या कॅसेटवर फारसं कळत नाही, ढोलकी-बिलकी असली की झाकून जातं, पण अण्णांच्या कॅसेट म्हणजे मिरजेच्या दर्ग्यातल्या उरसाच्या मैफिली, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत होतात त्या, तिथं तानपुरा सतत मागे चालू, आणि तानपुऱ्यावर एवढासा हेलकावा पण लपत नाही.

मग मी मोटरवर संशय घेतला. आतला गव्हर्नर (स्पीड सारखा ठेवणारा भाग) गेला असेल, स्पीड वरखाली होत असेल असं वाटलं. सांगलीत हरभट रोडजवळच्या एका दुकानदार काकांनी जुन्या डेकमधली ९ व्होल्टची मोटर काढून ठेवली होती ती दीडशे रुपयांत दिली, फिरायची दिशा आपल्यासारखीच आहे हे आधी बॅटरी लावून बघितलं (हे बघत जा, उलट्या दिशेची मोटर बसवली की इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर चालतच नाही). बसवली, ट्रिमरने ३१५० हर्ट्झच्या टेस्ट टेपवर स्पीड लावला, लॅपटॉपवर वॉव-फ्लटर (स्पीड किती डुलतो त्याचा आकडा) बघितला तर ०.२ टक्के, म्हणजे पोर्टेबल सेटला एकदम झकास. आणि कानाला? तसंच. जसं होतं तसंच डुलतंय. आकडा म्हणतोय सगळं ठीक आणि कान म्हणतोय नाही, त्या रात्री खरंच हात टेकले.

त्याच आठवड्यात पुतण्या म्हणाला, काका कशाला जीव काढताय, यूएसबीवाला नवा कॅसेट प्लेयर मिळतो दोन हजाराच्या आत, त्यात थेट एमपीथ्री होतं. मागवला मी, खोटं कशाला बोलू. पुरात टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन सगळं नवं घेतलंच की आपण, २०१९ ला पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागात खालच्या मजल्यावरचं काहीच राहिलं नाही, हा टू-इन-वन माळ्यावर होता म्हणून वाचला. तेव्हा नवं घ्यायला माझा तत्त्वाचा वगैरे विरोध नाही. पण तो प्लेयर लावला आणि चार मिनिटांत बंद केला. आताच्या बहुतेक सगळ्या नव्या प्लेयरमध्ये मेकॅनिझम एकाच जुन्या जपानी डिझाइनची स्वस्त नक्कल असते, वेग सारखा ठेवणारं चाक, फ्लायव्हील, हलकं, त्यामुळं आवाज थरथरतो. ते पण चाललं असतं एक वेळ. खरा घोळ वेगळाच, वरचे सूर सगळे मेलेले, जणू तानपुऱ्यावर गोधडी टाकलीये.

आणि तिथं डोक्यात प्रकाश पडला की नवा न घेता हाच सेट दुरुस्त का करायला पाहिजे. अण्णांनी या कॅसेट याच टू-इन-वनवर भरल्यात. हेडच्या फटीचा कोन, ॲझिमथ, कारखान्यातून जरा तिरका आला असेल तर तोच तिरकेपणा या तेवीसच्या तेवीस कॅसेटच्या टेपवर भरला गेलाय. दुसऱ्या कुठल्याही हेडवर तो जुळणार नाही आणि जुळला नाही की पहिला बळी वरच्या सुरांचा. याच हेडवर तो आपोआप जुळतो. म्हणजे नवा कितीही भारी डेक आणला तरी दर कॅसेटला स्क्रू फिरवून कोन शोधत बसावं लागणार, आणि हे डबडं न फिरवता बरोबर वाजवणार. म्हणून कोणी कितीही सांगितलं तरी या सेटचा ॲझिमथ स्क्रू मी हलवलेला नाही, त्यावर नेलपॉलिशचा थेंब आहे तसाच आहे. ज्यांच्याकडं घरी भरलेल्या कॅसेट आहेत आणि ज्यावर भरल्या तो सेट पण आहे, त्यांनी हात जोडून सांगतो, सेट भंगारात देऊ नका. नुसती बाजारातून विकत घेतलेली गाणी असतील तर मग ठीक आहे, दुसऱ्या डेकवर वाजवा. प्लेयर परत पाठवला.

आता मुद्द्याचं. परवा रविवारी दुपारी मी नाद सोडून नुसतीच कॅसेट लावून ठेवली होती, आख्खी साइड. आई स्वयंपाकघरात शेंगा फोडत होती. साइड संपताना तिथूनच म्हणाली, "सुरुवातीला झोपाळ्यासारखं संथ डुलतंय रे, आणि शेवटी शेवटी घाई करतंय." मी म्हटलं असं कसं, आणि मग जागच्या जागी थिजलो. कारण माझी टेस्ट टेप पाच मिनिटांचीच आहे, सी-६० च्या (साठ मिनिटांची कॅसेट) सुरुवातीला भरलेली. मी तीन महिने फक्त कॅसेटची सुरुवातच मोजत होतो!

वही काढली. टेप जाते सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, हे कधी बदलत नाही. कॅपस्टन २ मिलीमीटरचा, म्हणजे सेकंदाला साडेसात फेरे. पिंच रोलर ११ मिलीमीटरचा, सेकंदाला १.४ फेरे. बेल्टचा फेरा सेकंदाला चार-पाच. यातलं काहीही खराब असतं तर हेलकावा जलद असता आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वेगाचा असता. आख्ख्या मेकॅनिझममध्ये वेग बदलणाऱ्या वस्तू दोनच, दोन रीळ. भरलेल्या रिळाचा व्यास ५० मिलीमीटरच्या आसपास, त्याचा एक फेरा तीन सव्वातीन सेकंदांचा, आणि रिकाम्या झालेल्या २२ मिलीमीटरच्या हबचा (मधल्या गाभ्याचा) फेरा दीड सेकंदाचा. सुरुवातीला संथ आणि शेवटी जलद फिरतं ते कोण? सप्लाय रीळ. डावीकडचं, ज्याच्याकडं कोणी ढुंकून बघत नाही, कारण त्याला ना बेल्ट ना क्लच, ते बिचारं नुसतं ओढलं जातं. घड्याळ लावून मोजलं, साइडच्या सुरुवातीला दहा हेलकाव्यांना बत्तीस सेकंद, शेवटी दहाला सोळा. जुळलं!

आकडा चांगला का दिसत होता ते पण मग उलगडलं. मी बघत होतो तो वेटेड आकडा, त्यातला फिल्टर सेकंदाला चारच्या आसपासचे हेलकावे पूर्ण धरतो आणि तीन सेकंदाला एक असला संथ हेलकावा जवळपास सोडून देतो. वेटिंग बंद केल्यावर ग्राफमध्ये स्पष्ट लाट दिसली, ३१५० च्या वर-खाली अठरा-वीस हर्ट्झ. तेव्हा यापुढं दोन्ही आकडे बघा, वेटेड आणि अनवेटेड, आणि टेस्ट टेप कॅसेटच्या दोन्ही टोकांना भरून घ्या.

रीळ काढलं. वरची नायलॉनची चकती अलगद काढली (ती उडते, ओल्या फडक्याखाली धरून काढा). रिळाच्या खाली फेल्टचा वॉशर असतो, त्याच्या घासण्यानं टेपला मागून थोडा ताण राहतो. तर त्या फेल्टवर एका बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा काळा कडक डाग, आणि रिळाच्या बुडाला बरोबर तसाच डाग. बेल्ट विरघळला तेव्हा डांबराचा एक थेंब तिथं गेला असणार, माळ्यावर वर्षानुवर्षं दोघांना चिकटवून बसला आणि मी पहिल्यांदा फिरवलं तेव्हा तुटून अर्धा इकडं अर्धा तिकडं राहिला. दर फेऱ्याला हे दोन डाग एकमेकांवर आले की रीळ क्षणभर अडायचं आणि टेप कॅपस्टनवर किंचित घसरायची. दर फेऱ्याला एकदा. बास. एवढ्यासाठी मोटर बदलली मी.

टॉर्क कॅसेट (रिळाचा ताण मोजायची) आपल्याकडं कुठली असायला, म्हणून जुगाड केला. जुन्या कॅसेटचा रिकामा हब रिळावर बसवला, त्याला दोरा गुंडाळला, सेट आडवा धरून दोऱ्याला रुपयाचं नाणं चिकटपट्टीनं लटकवलं. आताचं स्टीलचं रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं, हबची त्रिज्या १.१ सेंटिमीटर, म्हणजे ताण साधारण ४.२ ग्रॅम-सेंटिमीटर, पाहिजे तेवढाच. जुन्या फेल्टवर नाणं अर्धा फेरा खाली यायचं आणि मग लटकून राहायचं, तीन नाणी लावली तेव्हा कुठं खटकन सुटलं. डोळ्यांनी दिसला दोष, काय सांगू किती बरं वाटलं.

डाग आयपीएनं निघाला रिळावरचा, फेल्टवरचा नाही, फेल्ट आतपर्यंत कडक झालेलं. स्टेशनरीच्या दुकानातलं फेल्ट आणू नका, त्याचे धागे सुटतात आणि चिकट असतं. मी मिरजेला गेलो. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते सगळ्यांना माहितीये, पण हार्मोनियम दुरुस्त करणारे पण आहेत, आणि पेटीच्या पट्ट्यांखाली जे फेल्ट लावतात ते लोकरीचं, घट्ट, एकसारखं. तिथल्या काकांना सेटचं सांगितलं, कुठल्या मैफिलीच्या कॅसेट आहेत ते सांगितलं, तर त्यांनी काम बाजूला ठेवून तीन तुकडे काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाले, वाजलं की ऐकायला आणा. पेनड्राइव्ह घेऊन जाणार आहे.

मधलं भोक चपला शिवणाऱ्या मामांच्या पंचनं पाडलं, बाहेरचा गोल औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवून कात्रीनं. पहिला वॉशर जाड झाला, नाणं हलेचना, रिवाइंड पण रडत रडत. दुसरा ब्लेडनं सोलून निम्मा केला आणि बसवला. नाणं सोडलं, आणि ते सलग, एका चालीनं, न अडखळता खाली आलं. पाच वेळा सोडलं मी ते, नुसतं बघायला. मग टेस्ट टेप: अनवेटेड लाट जवळजवळ सपाट, दोन-तीन हर्ट्झ उरलेत ते पिंच रोलरचे दिसतायत.

स्पीडबद्दल एक राहिलं. गेल्या वेळी एकाने सुचवलं होतं की जुन्या रेकॉर्डिंगमध्ये लाइटचा हम (बारीक गुणगुण) असतो तो ५० हर्ट्झला लावायचा. कल्पना भारी आहे पण आपल्याकडं जुन्या कॅसेटला धोक्याची, २००२-०३ च्या आधी ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९ च्या खाली पण जायची, त्यावर स्पीड लावला तर गाणं चढं होऊन बसेल. टेस्ट टेपच बरी.

आणि हो, रेडिओची बाजू पण उघडली होती म्हणून बँड स्विच साफ केला. डायलवर १२५१ किलोहर्ट्झजवळ, आकाशवाणी सांगलीच्या जागी, अण्णांनी बॉलपेननं केलेली बारीक खूण निघाली, इतकी वर्षं धुळीखाली होती. कॅबिनेट पुसताना ती जागा सोडून पुसलं.

पुढचा प्लॅन असा होता की रविवारपासून हेडफोन जॅकमधून लॅपटॉपवर भरायला सुरुवात करायची. पण लिहिता लिहिता वाटतंय की ते चूक होईल. जॅकपर्यंत येताना सिग्नल टोन कंट्रोल आणि पॉवर ॲम्पमधून येतो, त्याचा खरखराट फुकट कशाला घ्यायचा, त्यापेक्षा व्हॉल्यूम पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाच्या) वरच्या टोकावरून एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून दोन शील्डेड वायरी मागे काढतो. भोक पाडायचं नाही, टेलिस्कोपिक एरियलच्या बाजूला जागा आहे. म्हणजे आणखी एक आठवडा, पण तेवीस कॅसेट एकदाच भरायच्यात, नीट भरू.

एक अडचण आहे. अकरा नंबरच्या कॅसेटचा प्रेशर पॅड (टेप हेडवर दाबून धरणारी छोटी गादी) गळून पडलाय आणि तिचं कवच चिकटवलेलं आहे, स्क्रूचं नाही, त्यामुळं फोडून टेप दुसऱ्या कवचात घालावी लागणार. कोणाकडं स्क्रूवाल्या सी-६० च्या कॅसेट पडून असतील, आत काहीही भरलेलं असू दे, पॅड आणि रोलर शाबूत पाहिजेत, तर कळवा. सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर, कुठंही असाल तर मी येऊन घेऊन जाईन.