टर्कीचा पिसारा, दाढी आणि काटे टिकवताना : माझा अनुभव

मी राहतो त्या पेनसिल्व्हेनिया राज्यात वसंतातील टर्कीच्या हंगामात केवळ दाढी असलेल्या पक्ष्याचीच शिकार करता येते, आणि ती झाल्यावर पक्ष्याच्या पायाला तिथल्या तिथे टॅग बांधून १० दिवसांच्या आत गेम कमिशनला, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याला, कळवावे लागते. हे सोपस्कार आटोपले, मांस फ्रीजरमध्ये गेले आणि मी शेपटीचा पिसारा, छातीवर लोंबणारी दाढी व पायांमागचे दोन काटे यांच्याकडे वळलो. अख्ख्या पक्ष्यात पेंढा भरून घ्यायचा तर खर्च काहीशे डॉलरचा आणि थांबणे कित्येक महिन्यांचे. शिवाय आमच्या दिवाणखान्यात एवढा मोठा पक्षी कोणी खपवून घेतला नसता. कायद्याची आडकाठी नव्हती, कारण स्थलांतरित पक्ष्यांच्या १९१८ च्या कायद्यात टर्की येत नाही. त्याच जंगलात गळून पडलेले ससाण्याचे पीस घरी आणणे मात्र गुन्हा ठरते.

खरी मेहनत पिसाऱ्याची. शेपटीतील १८ मोठ्या पिसांचे देठ बुडाशी एका मांसल गाठीत रुतलेले असतात, त्या गाठीसकट पिसारा कापून घेतला. ती पुरती काढून टाकली तर हाती पिसांचा नुसता जुडगा उरतो, आणि तशीच ठेवली तर सडते. म्हणून कातडी व देठांची पकड शाबूत ठेवून आतले हाड, मांस, तैलग्रंथी आणि चरबी तेवढी खरवडायची. टाकणखार चोळला की काम झाले, असे पुष्कळ जण सांगतात. ते मला पटत नाही. टाकणखार ओलावा शोषून घेतो आणि किड्यांना दूर ठेवतो, पण चरबीला तो काहीही करत नाही. देठांच्या फटींत राहिलेली पिवळी चरबी पुढे पाझरून पिसांना चिकट करते आणि तिला खवट वास येऊ लागतो. त्यामुळे बोथट सुरीने प्रत्येक देठ उघडा दिसेपर्यंत मी खरवडत राहिलो. नंतर पिसांना रक्त लागले होते तेवढाच भाग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुतला आणि हेअर ड्रायरने पिसे पुन्हा फुलवली.

टाकणखार सढळ हाताने भरल्यावर पिसारा जाड पुठ्ठ्यावर मांडला. मधल्या दोन पिसांपासून सुरुवात करून एक पीस डावीकडे, एक उजवीकडे असे सरकत अर्धवर्तुळ जुळवले आणि पिसांवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या टाकून त्या टाचण्यांनी दाबल्या. वाळताना गाठ ज्या आकारात कडक होते तोच कायम राहतो, तेव्हा घाई इथे नडते. दोन-तीन आठवडे गॅरेजमध्ये राहू द्यावे. पिसाऱ्याची कड एकसारखी गोलाकार होती, म्हणजे नर पूर्ण वाढलेला. वर्षभराच्या नराची मधली पिसे बाकीच्यांपेक्षा लांब असतात. पिसांची टोके पूर्वेकडील टर्कीची असतात तशी तांबूस तपकिरी होती.

दाढी ही दिसायला राठ केसांची असली तरी तीही एक प्रकारची पिसेच. ती कातडीच्या छोट्या तुकड्यासह कापली, बुडाची चरबी काढली आणि ते टोक टाकणखारात पुरून ठेवले. एवढेच.

काट्यांसाठी पायाची नळी काट्याच्या वर आणि खाली अर्धा-अर्धा इंच सोडून लोखंड कापायच्या करवतीने कापली, तारेने आतला मगज ढकलून काढला आणि तुकडे कोमट पाण्यात भिजवल्यावर खवल्यांची कातडी सोलली. पाणी उकळू देऊ नये, कारण काट्याचे बाहेरचे चकचकीत आवरण सुटून हातात येण्याचा संभव असतो. हाड हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळले, काटा मऊ फडक्याने घासला आणि त्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ हात दिला.

ओकच्या फळीवर पिसाऱ्याची गाठ लाकडी झाकणाखाली लपवली. दाढी झाडलेल्या काडतुसाच्या पितळी बुडात चिकटवून खाली टांगली, ही इथल्या शिकाऱ्यांची जुनी हौस. उन्हाने रंग उडतात म्हणून फळी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली नाही. अधूनमधून ती उतरवून मागची बाजू पाहतो, कारण चामडे खाणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या तिथेच आधी दिसतात. तसे आढळल्यास सगळे पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचे. आतापर्यंत ती वेळ आलेली नाही.