सूचना क्रमांक ९

लाकडी होडीचं किट उघडलं की आधी वास येतो. लेझरने कापलेल्या प्लायवूडच्या कडा तपकिरी, करपलेल्या असतात आणि शेकोटी विझल्यानंतरचा तो वास खोक्यात कोंडून बसलेला असतो. मग झाकणावरची रंगीत होडी डोळ्यांत भरते: शिडं फुगलेली, कुठे म्हणून फट नाही. सूचनांचा कागद सापडतो सगळ्यात शेवटी. त्यातल्या पहिल्या आठ सूचना लहान मुलाचं बोट धरून चालवल्यासारख्या. हा तुकडा त्या खाचेत बसवा. तो तुकडा ह्या खाचेत बसवा. मधोमध लांब कणा आणि त्याच्यात आडव्या उभ्या केलेल्या अकरा फळ्या. एका संध्याकाळीत टेबलावर माशाचा सांगाडा तयार होतो आणि आपण स्वतःवर बेहद्द खूश.

नववी सूचना एका ओळीची होती. 'आता दोन्ही बाजूंना पट्ट्या लावून घ्या.'

त्या एका ओळीत माझे पाच आठवडे गेले.

पट्टी तशी गरीब वस्तू. लिंडनच्या लाकडाची, दीड मिलिमीटर जाड, पाच मिलिमीटर रुंद. पण ती लावण्याआधी सांगाड्याच्या कडा तासाव्या लागतात. होडी पुढे निमुळती होत जाते, तशी पट्टी आत वळते. तिथल्या फळ्यांच्या कडाही तिच्याबरोबर तिरक्या हव्यात, नाहीतर पट्टी नुसती एका धारेवर टेकून राहते. हे कळायची युक्ती सोपी आहे. पट्टी आडवी धरायची, पलीकडे दिवा ठेवायचा आणि उजेड गळतो तिथे पॉलिश पेपर फिरवायचा. दोन संध्याकाळी मी तो फिरवला. नाकात भुसा, चष्म्यावर भुसा, चहात भुसा. लेझरने करपलेला थरही त्यात निघून गेला, ते बरंच झालं, कारण त्याच्यावर गोंद नीट धरत नाही.

मग पट्ट्या. पहिल्या तीन मुकाट लागल्या. चौथी पुढच्या टोकाशी तिसरीच्या अंगावर चढायला लागली. नीट दाबली नसेल म्हणून मी चिमटे वाढवले. पाचवी तिच्याही वर. किटमध्ये लाकूड खराब आलंय, असं मी घरात जाहीर करून टाकलं. शेवटी कागदाची एक चिंधोटी होडीच्या मध्यावर, वरच्या काठापासून कण्यापर्यंत पोटाला लावून मोजली: ८० मिलिमीटर. तीच पुढच्या टोकापाशी धरली: ४८. म्हणजे मध्यावर १६ पट्ट्या सुखाने मावणार आणि त्याच १६ जणी पुढे पोचल्या की प्रत्येकीच्या वाट्याला जागा येणार ३ मिलिमीटर. लाकूड बिचारं बरोबर होतं. मी भागाकाराशी चिमट्यांनी भांडत होतो.

ज्यांना शिवणकाम येतं त्यांना हे शिकवावं लागत नाही. सपाट कापड फुगीर अंगावर बसवायचं तर कुठे टक्स घ्यावे लागतात, कुठे कळी जोडावी लागते. होडीचंही तेच. पुढच्या टोकाला प्रत्येक पट्टी कटरने निमुळती करायची. मागच्या टोकाला उलट फट उघडते, तिथे लाकडाची पाचर भरायची. आणि वळवण्यासाठी पट्टी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवायची. ओली पट्टी वेतासारखी ऐकते. कोरडी 'कट्' एवढंच बोलते.

दुसरा घोळ निव्वळ उत्साहाचा. निमुळतं करणं हाताला जमलं तसा चेव आला आणि एकाच बाजूला मी एका बैठकीत सहा पट्ट्या चढवल्या. सकाळी वरून पाहिलं तर होडीचं केळं झालेलं. भिजलेलं लाकूड वाळताना आक्रसतं आणि कण्याला आपल्याकडे ओढून घेतं. म्हणून एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडे, असा नेम असतो. तीन पट्ट्या पुन्हा ओल्या करून सोडवल्या, रात्रभर वजनाखाली ठेवल्या. कणा बराचसा सरळ झाला. बराचसाच.

या दुःखावर फुंकर घातली ती व्हासाने. १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरात पहिल्याच सफरीला निघालेली ही स्वीडनची युद्धनौका १,३०० मीटर जाते न जाते तोच बुडाली. १९६१ साली तिला वर काढलं. पुढे अभ्यासकांनी मापं घेतली, तर तिच्या दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. आत सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंची, आणि दोन अ‍ॅमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची. ती बुडाली मुख्यतः वरच्या अंगाला झालेल्या भारामुळे, हे मला ठाऊक आहे. पण राजाच्या नौकेवर दोन वेगवेगळे फूट चालतात, तर माझ्या टेबलावर कण्याचा दीड मिलिमीटरचा बाक का नाही चालणार?

अर्थात प्रमाणाचा हिशेब केला की हा युक्तिवाद लंगडा पडतो. माझी होडी १:४८ ची, म्हणजे खऱ्या होडीच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची. सहा फुटी खलाशी तिच्यावर ३८ मिलिमीटरचा असणार आणि दोन पट्ट्यांमधली माझी एक मिलिमीटरची फट त्याला जवळजवळ पाच सेंटिमीटरची दिसणार. तो उडीच मारेल. त्या फटीत मी मुकाट्याने लांबी भरली.

"पाण्यात कधी सोडायची?" लेकीने विचारलं.

"पाण्यात नाही गं, ही शोभेची."

"मग सरळ कशाला करत बसलायस?"

याला उत्तर सुचेना म्हणून मी पॉलिश पेपर उचलला.

काल शेवटची पट्टी बसली. दोन्ही अंगांवरून डोळे मिटून हात फिरवला; उजव्या बाजूला सातव्या पट्टीपाशी बोट अजून किंचित अडखळतं. तेवढं घासलं, भुसा झटकला आणि पाच आठवड्यांनी सूचनांचा कागद पुन्हा उलगडला. सूचना क्रमांक १०: 'आता यावर अक्रोडाच्या पातळ पट्ट्यांचा दुसरा थर लावा. पहिला थर त्याखाली पूर्णपणे झाकला जाईल.'

पाणी कोमट करायला ठेवलंय.