खांदेरीला जायचंय? आधी तिथी बघा

अलिबागसाठी एकच दिवस हाताशी आहे आणि थळसमोरच्या समुद्रातले खांदेरी-उंदेरी हे दोन किल्ले करावेत की किनाऱ्यानं चौल-रेवदंडा-कोर्लई, असा प्रश्न पडला असेल तर पहिल्यांदा भिंतीवरचं कालनिर्णय बघा. शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. किनाऱ्यावरच्या घराघरात हा हिशेब पोरांनाही येतो. आम्हाला बोट ठरवून देणाऱ्याने मात्र फोनवर "कधीपण या, बोट तयारच हाय" एवढंच सांगितलं. आम्ही गेलो एकादशीला, म्हणजे भरती सव्वाआठला आणि ओहोटी सव्वादोनला. थळच्या किनाऱ्यावरून निघालो साडेदहाला. दिवस तिथेच हातचा गेला होता.

खांदेरीपर्यंत काही त्रास नाही. अर्ध्या-पाऊण तासात पोचतो, उतरायला धक्का आहे. जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत खांदेरी आहे, म्हणून तर आम्ही निघालो होतो. वेताळाचं देऊळ, 1867 चं दीपगृह, गाड्यावर चढवलेल्या तोफा आणि दगड आपटला की भांड्यासारखा वाजणारा तो खडक, हे सगळं नीट बघायला दोन तास हवेत. आम्हाला सव्वा तास मिळाला, कारण तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, सारखा "पाणी चाललं" म्हणून घाई करत होता. पाणी चाललं होतं, हे खरंच. पण ते त्याला सकाळीच माहीत होतं.

आता उंदेरी. तिथे धक्का नाही. भरतीला होडी तटाजवळच्या खडकाला लागते आणि उतरता येतं. आम्ही पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता आणि तटापासून बरंच अंतर नुसता उघडा खडक पडला होता. होडी लाटेबरोबर दोन-अडीच फूट वरखाली होत होती. ती वर आली की उडी मारायची, पुढच्या लाटेआधी सरकायचं आणि वरून येणाऱ्याला हात द्यायचा. खडकावर शेवाळ, आणि शेवाळ नाही तिथे कालवांच्या धारदार कडा. आम्ही सहाही जण दर महिन्याला ट्रेक करणारे, तरी चौघेच उतरले. माझ्या भावाचा पाय सटकला, त्याने तळवा टेकला आणि अंगठ्याखाली दीड इंच चिरलं. परत चढताना तर दोघांनी ओढून घ्यावं लागलं. किल्ल्यात थांबलो जेमतेम वीस मिनिटं. 1679 मध्ये इंग्रजांची जहाजं वाट अडवून बसलेली असताना शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींच्या माणसांनी शेजारच्या खांदेरीवर दगड चढवून तट उभा केला. तो पराक्रम मला त्या खडकावर उभं राहून कळला. पण त्यासाठी भावाचा हात कापायला नको होता.

परतताना पूर्ण ओहोटी. होडी थळच्या काठापासून लांबच टेकली. दोघं म्हणाले थांबू, बाकीचे गुडघाभर चिखलातून आले. आणि काठावर हिशेब बदलला. दोन्ही किल्ल्यांचे मिळून तीन हजार ठरले होते, मागितले साडेचार. "उंदेरीचं वेगळं असतं, दादा. आनि थांबलो किती!" थांबावं लागलं ते पाण्यामुळे, आणि पाण्याची वेळ त्यानेच सांगायला हवी होती. अर्धा तास वाद झाला, भावाच्या हातातून रक्त येत होतं, शेवटी चार हजार देऊन अलिबागला टाके घालायला पळालो. त्या हजार रुपयांचा राग अजून गेलेला नाही.

आदल्या दिवशी आम्ही चौलकडचा किनारा केला होता. गेटवेहून मांडवा, तिथून फेरीच्या तिकिटातच येणारी बस, पुढे दिवसभराची रिक्षा. आक्षीचा शके 934 चा शिलालेख, रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत घुसलेला पोर्तुगीज तट, सातखणी मनोरा. कोर्लईला दीपगृहापासून पायऱ्या चढून गडावर गेलात की एका हाताला कुंडलिकेचं मुख आणि दुसऱ्या हाताला उघडा समुद्र. खाली गावात अजून पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात, तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, आपली भाषा. सगळं सुरळीत झालं.

माझं मत स्पष्ट आहे. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून चतुर्थीपर्यंतचा दिवस मिळत असेल, तर भरती अकरा ते तीनच्या मध्ये येते. तेव्हा बेलाशक खांदेरी करा, भरतीच्या दोन तास आधी थळहून निघा. बाकीच्या तिथींना, आणि विशेषतः सप्तमी ते एकादशी, कोर्लईला जा. उंदेरी फक्त भरतीला, आणि लहान मुलं किंवा गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर भरतीलाही नाही. होडीतूनच बघा.

बेटांवर विकत काही मिळत नाही, माणशी दोन लिटर पाणी न्या. चपला नकोत, घट्ट बसणारे बूट आणि जाड हातमोजे हवेत. आणि होडीत बसायच्या आधी चार गोष्टी सगळ्यांसमोर मोठ्याने बोलून घ्या: किती किल्ले, किती तास, उतरवणार कुठे, एकूण किती. निम्मे पैसे निघताना द्या, निम्मे थळच्या वाळूवर पाय टेकल्यावर.