दोन पोट्टे ठेवले, त्याची गोष्ट

आमचं नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे, 23 माणसं पगारावर. जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा जीआर आला तेव्हा आमच्या लाइनीत सगळीकडे एकच चर्चा, सरकार फुकट माणूस देऊन राहिलं म्हणून. मला पण तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

नियम असा की आस्थापनेला तीन वर्षं झालेली पाहिजे आणि कमीत कमी 20 माणसं पाहिजे, आणि उद्योगाला आपल्या माणसांच्या 10 टक्के प्रशिक्षणार्थी घेता येतात. म्हणजे आम्हाला दोन. महास्वयम पोर्टलवर नोंदणी करायची, पीएफ, जीएसटी, उद्यम वगैरेचे नंबर टाकायचे, जागा टाकायच्या. ऐकायला अर्ध्या तासाचं काम आहे, मला तीन रात्री लागल्या कारण दिवसा साइट उघडायचीच नाही आणि रात्री उघडली तर ओटीपी बायकोच्या फोनवर जायचा आणि ती झोपलेली.

सप्टेंबरात दोघं आले. एक आयटीआय फिटर, हिंगण्याचाच पोट्टा, आणि एक बी.कॉम. झालेली मुलगी, ती वर्धमाननगरहून मेट्रोने लोकमान्यनगरला उतरायची, तिथून ऑटो. विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे, बारावीला 6 हजार, आयटीआयला 8, पदवीधराला 10. आता गंमत बघा, जो दिवसभर स्टिचिंग मशीनवर उभा राहून हात काळे करतो त्याला 8 आणि पंख्याखाली बिलं मारणारीला 10. तो मला विचारायचा, "काऊन काका, माझं काम कमी आहे का?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं, मी खिशातून हजार रुपये पेट्रोलचे द्यायला लागलो.

आणि ते पैसे मालकाच्या हातातून जातच नाहीत, सरकार थेट पोरांच्या खात्यात टाकते. मालकाचं काम म्हणजे दर महिन्याला हजेरी भरणं. ती नाही भरली तर पोराचे पैसे अडकतात आणि तो येऊन तुमच्या तोंडाकडे बघतो. एका महिन्यात मी ऑर्डरीच्या घाईत उशीर केला, संत्र्याच्या खोक्यांचा सीझन होता, तेव्हा ती नजर मी पाहिली आहे.

मुलीचे पैसे आले, फिटरचे दोन महिने आलेच नाहीत. पोर्टलवर मात्र पेमेंट झालं म्हणून दिसत होतं. तो बिचारा पासबुक घेऊन बँकेत चकरा मारून राहिला, बँकवाले म्हणे इथे काही आलं नाही. शेवटी आमच्या बिलांवाल्या मुलीनेच डोकं लावलं, आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस पाहिलं, म्हणजे आधार कोणत्या खात्याला जोडलं आहे ते, कारण सरकारचे पैसे त्याच खात्यात जातात. तर आधार भलत्याच खात्याला जोडलेलं! कधीतरी सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन खातं उघडून दिलं होतं, याला पत्ताच नाही. 16 हजार तिथे जाऊन आरामात बसले होते. त्याने मला मोबाइलवर बॅलन्स दाखवला तेव्हा हात थरथरत होते त्याचे.

सहा महिन्यांची योजना नंतर 11 महिन्यांची झाली. ते संपलं तेव्हा ऑगस्ट 2025, आणि नेमकी 1 ऑगस्टपासून केंद्राची विकसित भारत रोजगार योजना सुरू झालेली. सीए म्हणाला, दोघांना पगारावर घ्या, 50 पेक्षा कमी माणसं असली की कमीत कमी दोन वाढवावे लागतात, तुमचे बरोबर दोन बसतात. 14 हजार पगाराला मालकाला एका माणसामागे महिन्याला 2 हजार मिळतात, आणि पोरांना पहिल्यांदाच पीएफ लागत असल्यानं एका महिन्याच्या पगाराएवढे, 15 हजारांपर्यंत, दोन हप्त्यांत.

आता यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढायचा. आमच्या गोडाऊनमध्ये उजेड कमी, ॲप म्हणते डोळे मिचकावा, फिटर मिचकावतो, परत म्हणते मिचकावा. शेवटी गेटबाहेर कडुनिंबाखाली उभा केला, सारे वॉचमन जमा, पाचव्या वेळी झालं. मुलीचं एका झटक्यात.

मी खुश. पण दिवाळीनंतर आमचा जुना मशीनवाला बुटीबोरीला जास्त पगारावर निघून गेला. सीए म्हणाला, आता वाढ एकच दिसेल, आधीच्या सरासरीच्या वर दोन माणसं टिकली पाहिजे, तीही सहा महिने. म्हणजे नवे ठेवण्यासाठी पैसे, पण जुना पळाला तर हिशोब तिथेच आला. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर त्या जुन्याला दोन हजार वाढवून दिले असते ना भाऊ, तेवढेच तर सरकार एका माणसामागे देत होतं!

मग दुसरा बघणं आलं. फिटरनेच आपला चुलतभाऊ आणला, आयटीआयचाच. खुर्चीवर नीट टेकलाही नव्हता, आमची बिलांवाली त्याला विचारते, "दादा, आधार कोणत्या खात्याला जोडलं आहे?"