घरं मोजणारी फर्म : आमची वाटचाल

ओळखीतले लोक विचारतात, तुमची फर्म नेमकं करते काय? एका वाक्यात सांगायचं तर आम्ही घरं मोजतो. बॉक्सिंगची मोठी लढत किती घरांनी पैसे भरून पाहिली, त्या पैशातून वाटेत कोणी किती कापून घेतले आणि रिंगमध्ये उतरलेल्या माणसाच्या हातात किती पडायला हवे होते, हे शोधून काढायचं. न्यू जर्सीत दोन खोल्यांचं ऑफिस, चार माणसं आणि भिंतभर फायली. १९९८ पासून हेच चाललं आहे.

सुरुवात मात्र त्याआधीची. १९९१ साली मी एका केबल कंपनीच्या बिलिंग विभागात नोकरीला होते. १९ एप्रिलच्या शुक्रवारी इव्हँडर होलिफिल्ड आणि जॉर्ज फोरमन यांची लढत आमच्याच राज्यात, अटलांटिक सिटीत होती. फोरमन ४२ वर्षांचा, होलिफिल्ड २८चा. एचबीओ या टीव्ही वाहिनीच्या मालक कंपनीने पे-पर-व्ह्यूसाठी, म्हणजे एकेका कार्यक्रमाचे वेगळे पैसे घेऊन तो घरी दाखवण्यासाठी, टीव्हीकेओ नावाची नवी शाखा काढली होती आणि तिची ही पहिलीच लढत. ग्राहकाने फोन करायचा, आम्ही त्याच्या नावावर ऑर्डर चढवायची, मग कॉम्प्युटरवरून त्याच्या टीव्हीला जोडलेल्या केबलच्या डब्याला सिग्नल जायचा आणि स्क्रीनवरच्या आडव्यातिडव्या रेघा जाऊन चित्र स्वच्छ व्हायचं. दिवसभर फोन तुरळक होते. संध्याकाळी सातनंतर असा पूर आला की माझी शेजारची सहकारी उभ्यानेच दोन रिसीव्हर धरून नंबर लिहून घेत होती. तीच आज माझी भागीदार आहे. त्या रात्री देशभरात साधारण १४ लाख घरं झाली. आमच्या धंद्यात असंच बोलतात, ‘किती घरं झाली?’

फर्म काढायचा विचार डोक्यात आला तो चार वर्षांनी. तुरुंगातून सुटलेल्या माइक टायसनची पहिली लढत १९ ऑगस्ट १९९५ ला होती, समोर पीटर मॅकनीली. ८९ सेकंदांत संपली. पंधरा लाखांच्या आसपास घरांनी पैसे भरले होते. सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच फोन वाजत होते. लोकांचं म्हणणं एकच, दीड मिनिटाचे एवढे पैसे कसले घेता? कंपनीचं उत्तर ठरलेलं होतं : लढत झाली, प्रक्षेपण झालं, पैसे परत नाहीत. तरी जुन्या, चांगल्या ग्राहकांना गप्प करायला काही रकमा बिलातून वळत्या केल्या गेल्या. हा कंपनीचा स्वतःचा निर्णय होता, त्याचा भार कंपनीनेच उचलायला हवा होता. पण महिनाअखेरीला, लढत आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या वितरकाकडे जाणारं स्टेटमेंट मी टाइप केलं तेव्हा त्या सगळ्या रकमा ‘इतर वजावटी’ अशा एका ओळीत आधीच उतरलेल्या होत्या. म्हणजे आमच्या कंपनीने दिलेली सवलत थोडी थोडी पुढच्या सगळ्यांच्या खिशातून गेली, अगदी बॉक्सरच्याही. मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, “आजवर कोणी विचारलेलं नाही.” ते खरंच होतं. मला ते वाक्य पुढची तीन वर्षं टोचत राहिलं.

१९९८ मध्ये आम्ही दोघींनी नोकरी सोडली. साठवलेल्या पैशातून आठ महिन्यांचं भाडं निघेल एवढीच ताकद होती.

आमच्या पहिल्या अशिलाने, लढती भरवणाऱ्या एका वयस्कर छोट्या प्रमोटरने, आम्हाला जुना काळ समजावून सांगितला. ८ मार्च १९७१ ची अली-फ्रेझर लढत लोकांनी थिएटरांत आणि मोठ्या सभागृहांत क्लोज्ड सर्किटवर, म्हणजे तिकीट काढून पडद्यावर थेट, पाहिली, दोघांनाही २५-२५ लाख डॉलरची हमी होती. “तेव्हा खुर्च्या मोजता यायच्या,” तो म्हणायचा. “तिकिटाचा अर्धा तुकडा हातात असायचा. आता मी कोणाच्या दिवाणखान्यात जाऊन मोजू?” हा प्रश्न त्याने अगदी तळमळीने विचारला होता, आणि आमचा सगळा धंदा त्याच प्रश्नावर उभा आहे.

पैसा कसा वाहतो ते एकदा नीट सांगते, कारण वर्तमानपत्रात येणारा आकडा आणि हातात येणारा पैसा यांत लोकांचा फार घोळ होतो. समजा लढतीची किंमत ६० डॉलर आहे आणि एक लाख घरांनी ती घेतली. ६० लाख डॉलर जमले. बातमीत हेच छापून येतं. यातला साधारण अर्धा हिस्सा केबल आणि सॅटेलाइट कंपन्या ठेवून घेतात, कारण डबा त्यांचा, बिल त्यांचं, ग्राहक त्यांचा. लढत फारच मोठी असेल तर प्रमोटर घासाघीस करून त्यांचा वाटा खाली आणतो, पण छोट्याला ती ताकद नसते. उरले ३० लाख. मग लढत या कंपन्यांपर्यंत पोचवणारा आणि वसुली करणारा मधला वितरक कमिशन घेतो, तीन लाख धरा. राहिले २७ लाख. यातून कॅमेरे, प्रक्षेपणाचा ट्रक, सॅटेलाइटचा वेळ, समालोचक, जाहिराती, मुख्य लढतीआधीच्या सगळ्या लढतींतल्या बॉक्सरांच्या पर्स (लढण्याचं ठरलेलं मानधन), त्यांचा प्रवास, हॉटेलं, विमा, आणि शेवटी मुख्य दोघांच्या पर्स.

आता यातली मेख बघा. खर्च जवळपास सगळा घंटा वाजायच्या आधी होतो. आणि येणं? तीन-चार महिने सहज लागतात, तेही हप्त्याहप्त्याने. शिवाय खर्च ठरलेला असतो, घरं ठरलेली नसतात. वरच्या हिशोबात एक लाखाऐवजी नव्वद हजार घरं झाली तर प्रमोटरच्या हातातले २ लाख ७० हजार डॉलर गेले. छोट्या प्रमोटरचा सगळा नफा कधीकधी तेवढाच असतो. म्हणून दहा हजार घरांची नोंद नीट झाली की नाही हा आमच्यासाठी क्षुल्लक प्रश्न कधीच नव्हता.

पहिल्याच वर्षी त्या वयस्कर प्रमोटरच्या फायलीत एक गोष्ट सापडली. करारात टप्पे होते : ठरावीक घरांपुढे गेल्यावर केबल कंपनीचा वाटा कमी आणि प्रमोटरचा जास्त. घरं टप्प्याच्या पुढे गेली होती, पण स्टेटमेंट वरपासून खालपर्यंत जुन्याच दराने लावलं होतं. आम्ही एक पानी पत्र पाठवलं, सोबत करारातलं कलम आणि बेरीज. सात आठवड्यांनी चेक आला, पाच आकडी. त्याने तो आमच्या टेबलावर ठेवला आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, यातले निम्मे माझ्या पोरांचे. ‘पोरं’ म्हणजे त्याचे बॉक्सर. त्याने खरंच वाटले, ती वाटणीही आम्हीच करून दिली.

२००० साली मुहम्मद अली यांच्या नावाने संघीय कायदा झाला. दहा किंवा अधिक फेऱ्यांच्या लढतींसाठी, त्या लढतीतून आपल्याला करारानुसार किती मिळणार आहे, बॉक्सरवर कोणते खर्च टाकले जाणार आहेत, पर्स कापली जाणार असेल तर किती, हे प्रमोटरने बॉक्सरला सांगणं बंधनकारक झालं. कागदावर हा कायदा उत्तम आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण आकडे समोर आले तरी ते वाचणारं कोणी हवं ना? बॉक्सर सोळाव्या वर्षापासून जिममध्ये असतो. ‘निव्वळ जमा’ या दोन शब्दांत काय काय दडवता येतं हे त्याला कोण सांगणार? कायद्यानंतर आमच्याकडे बॉक्सर स्वतः यायला लागले, बहुतेक वेळा वडिलांना किंवा बहिणीला घेऊन.

वाईट दिवसही आले. एका मधल्या वितरकाने आमच्या दोन अशिलांचे पैसे वसूल केले आणि पुढे पाठवलेच नाहीत. नंतर त्याने दुकानच बंद केलं. केबल कंपन्यांचं म्हणणं, आम्ही दिले. ते खरं होतं, पावत्या होत्या. चौदा महिने वकिलांच्या मागे गेले, हाती फार थोडं लागलं. आमची फी तर बुडालीच, पण एका अशिलाला घर गहाण टाकून बॉक्सरांच्या पर्स द्याव्या लागल्या, ते मला आजही आठवतं. त्या काळात आम्ही बॉक्सरांची टॅक्स रिटर्न भरून तग धरला. परदेशी बॉक्सरच्या पर्समधून सरकार सर्वसाधारणपणे ३० टक्के आधीच कापून घेतं. त्यातले किती परत मिळवता येतात हे त्यांना माहीत नसायचं, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. त्यानंतर आम्ही प्रत्येक अशिलाला एकच आग्रह धरला : पैसे वितरकाच्या चालू खात्यात जाऊ द्यायचे नाहीत, त्रयस्थ खात्यात जमा व्हायचे आणि तिथूनच वाटणी व्हायची.

चूक आमच्याकडूनही झाली. एका लढतीनंतर दहाव्या दिवशी मी प्राथमिक आकडा प्रमोटरला फोनवर सांगितला. त्याने आनंदाच्या भरात प्रशिक्षकाला बक्षीस कबूल करून टाकलं. अंतिम आकडा आला तेव्हा दुबार ऑर्डरी आणि न भरलेली बिलं वजा होऊन घरं बरीच खाली आली होती. त्याने शब्द पाळला, स्वतःच्या खिशातून. तेव्हापासून नव्वद दिवस उलटल्याशिवाय आमच्या ऑफिसातून कोणताही आकडा तोंडी बाहेर जात नाही.

मोठ्या लढतींचे हिशोब आमच्याकडे कधी आले नाहीत, पण आम्ही त्यांच्याकडे विद्यार्थ्यासारखं पाहतो. ५ मे २००७ ची डे ला होया-मेवेदर लढत घ्या. किंमत ५४.९५ डॉलर, घरं सुमारे २४ लाख. डे ला होयाची जाहीर पर्स २ कोटी ३३ लाख डॉलर होती, प्रत्यक्षात त्याची कमाई ५ कोटींच्या वर गेली. मधला फरक म्हणजे घरांवरचा हिस्सा. पुढे येणारे तरुण बॉक्सर हेच उदाहरण घेऊन यायचे आणि म्हणायचे, मलाही हिस्सा हवा. मी त्यांना विचारायचे, हिस्सा कशाचा? एकूण जमेचा, की सगळे खर्च वजा झाल्यावर उरलेल्याचा? आणि कितव्या घरापासून? डे ला होया स्वतः प्रमोटरही होता, हे लोक विसरतात.

२ मे २०१५ ला मेवेदर-पॅकियाओ लढत झाली. एचडीसाठी जवळपास शंभर डॉलर, ४६ लाख घरं, पे-पर-व्ह्यूचे ४० कोटी डॉलरहून जास्त. त्या रात्री शेवटच्या क्षणी इतक्या ऑर्डरी आल्या की केबल आणि सॅटेलाइटच्या यंत्रणा कोलमडल्या आणि मुख्य लढत थांबवून ठेवावी लागली. मी आणि माझी भागीदार टीव्हीसमोर बसलो होतो. समालोचकाने उशिराचं कारण सांगितलं तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. १९९१ ची संध्याकाळ आठवली, आणि दोघींच्या मनात एकच आलं : रिमोटने ऑर्डर लागली नाही म्हणून माणूस फोन करतो, फोन लागेपर्यंत रिमोटची ऑर्डरही चढलेली असते. एका घराची दोन घरं होतात. पुढे महिनोन् महिने कोणीतरी ती वेगळी करत बसलं असणार.

बारमालकांबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे मला नेहमी वाईट वाटतं. घरगुती खात्यावर घेतलेली लढत बारमध्ये दाखवता येत नाही. बारला वेगळी परवानगी लागते आणि तिची फी तिथे किती माणसं बसू शकतात यावर ठरते. चोरून दाखवलं तर संघीय कायद्याने १,००० ते १०,००० डॉलर भरपाई, जाणूनबुजून नफ्यासाठी केलं असेल तर आणखी एक लाखापर्यंत. हक्काचे पैसे वसूल व्हायलाच हवेत, बॉक्सरचाही त्यात वाटा असतो. पण काही छोटे मालक खरोखर अजाणतेपणी अडकतात. असे लोक आले की आम्ही लढतीच्या आधीच त्यांना योग्य परवाना घ्यायला लावतो. त्याची फी आम्ही घेत नाही.

२०१८ च्या अखेरीस एचबीओने ४५ वर्षांनी बॉक्सिंग सोडलं. त्याच वर्षी डाझोन ही खेळ दाखवणारी स्ट्रीमिंग सेवा अमेरिकेत आली, पे-पर-व्ह्यूचा जमाना संपला असं सांगत. २०२२ मध्ये कनेलो-बिवोल लढत त्यांनीच पे-पर-व्ह्यूवर विकली. आम्हाला तोवर नवी विद्या शिकावी लागली होती. स्ट्रीमिंगमध्ये आकडा त्याच रात्री दिसतो, पण फोनवरच्या ॲपमधून खरेदी झाली तर ॲपस्टोअरचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत जातो. चित्र अडकलं म्हणून परतावे दिले जातात, कार्डावरचे व्यवहार बँकेकडून उलटवले जातात. ‘इतर वजावटी’ची जुनी ओळ नव्या नावांनी परत आली. फरक एवढाच की आता ती एकेक रकमेपर्यंत सुटी करून पाहता येते, प्रत्येक परताव्याला तारीख आणि कारण असतं. आमच्या ऑफिसातल्या तरुण मुलाने त्यासाठी जो तक्ता बांधला आहे तो माझ्या तीस वर्षांच्या अनुभवापेक्षा जलद चोर पकडतो.

२०२३ नंतर शोटाइम या दुसऱ्या वाहिनीनेही बॉक्सिंग सोडलं. १५ नोव्हेंबर २०२४ ला टायसन पुन्हा रिंगमध्ये आला, जेक पॉलसमोर, आणि नेटफ्लिक्सने ती लढत नेहमीच्या वर्गणीतच दाखवली. घरं मोजायचा प्रश्नच नाही, आगाऊ ठरलेली रक्कम. लोक म्हणाले, आता तुमचं काय? काम थोडं कमी झालं आहे, हे खरं आहे. पण ठरलेली रक्कम प्रमोटरला किती मिळाली आणि त्यातून बॉक्सरला किती, हा प्रश्न तसाच आहे.

गेल्या आठवड्यात एक तरुण बॉक्सर बहिणीला घेऊन आला. त्याची पहिलीच मुख्य लढत, पे-पर-व्ह्यूवर. करारात हिस्सा आहे, ‘निव्वळ जमेचा’. माझ्या भागीदारीणबाईंनी लाल पेनाने त्या शब्दाभोवती गोल काढला आणि समासात तीन प्रश्न लिहिले : कोणते खर्च, कोणाच्या संमतीने, कमाल किती. खर्चाला कमाल मर्यादा समोरच्यांनी मान्य केली. हिशोब तपासण्याचा हक्क आम्ही दोन वर्षांसाठी मागितला आहे, ते एकच वर्ष म्हणत आहेत. सही सोमवारी आहे. बहिणीचा काल फोन आला होता, तिला मी सांगितलं, दोन वर्षं लिहून मिळेपर्यंत पेन उघडू नका.